सोनावणे मिस्त्रींची पॉवरची डबी

आमच्या पिकअपला तसा कसलाच आजार नव्हता. ती फक्त चढ दिसला की विचारात पडायची.

ठाण्याच्या नौपाड्यात आमचं लोणची-मसाल्यांचं दुकान आहे. कल्याण-डोंबिवलीकडच्या दुकानांत माल पोचवायला वडिलांनी ती गाडी घेतली होती. वडिलांच्या काळात ती मुकाट्याने चालली आणि माझ्या हातात आल्यावर तिला स्वतःचं वय आठवलं. पुलावर चढताना माझ्यामागे रिक्षांची रांग लागायची. एकदा तर एका सायकलवाल्याने मला मागे टाकलं आणि पुढे जाऊन वळून सहानुभूतीने पाहिलं. त्या दिवशी घरी येऊन मी जाहीर केलं की आता ताकद वाढवून घ्यायचीच. बायकोने विचारलं, "इंजिनची की तुझी?"

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, डिझेलचा पंप वाढवून घ्या. दुसरा म्हणाला, चिप लावा. तिसऱ्याने गाडी विकायला सांगितली आणि गिऱ्हाईक म्हणून स्वतःच्याच मेहुण्याचं नाव दिलं. शेवटी कल्याणच्या एका किराणा दुकानदाराने मला गोण्यांच्या आड नेलं आणि आवाज खाली आणून सांगितलं, "मोहन्याला सोनावणे मिस्त्रींकडे जा. ते पॉवरची डबी लावतात. पण तुम्ही मागू नका. मागितली की देत नाहीत."

मोहन्यात एका चिंचेच्या झाडाखाली मिस्त्रींचं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याची शेड, दोन जॅक आणि एक लाकडी बाक. मिस्त्रींची उमेदीची सगळी वर्षं कारखान्यात फिटर म्हणून गेलेली, आणि ती नोकरी संपल्यावर त्यांनी हे काढलं होतं. साठी उलटलेला सडपातळ माणूस, कानावर पेन्सिल आणि अंगात पांढराशुभ्र शर्ट. मी आयुष्यात पांढऱ्या शर्टातला मेकॅनिक पहिल्यांदाच बघत होतो. पुढे कळलं की तो त्यांचा अभिमान होता. काम करताना शर्टाला डाग पडला तर ते घाईत काम केल्याचं लक्षण मानायचे आणि ते काम पुन्हा करायचे.

"काय त्रास आहे?" त्यांनी विचारलं.

"गाडी ओढत नाही. पॉवर वाढवून हवी."

"वाढवून." त्यांनी पेन्सिलीने कान खाजवला. "साहेब, इंजिनात ताकद घालायचं काम कंपनीचं. माझ्याकडे चोरीला गेलेली परत मिळते. आधी चोर शोधू. बहुतेक वेळा तो गाडीत बसूनच आलेला असतो." असं म्हणून ते माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिले.

मला वाटलं, आता बोनेट उघडतील. त्यांनी ताडपत्री अंथरली. गाडीतली प्रत्येक वस्तू बाहेर काढून ताडपत्रीवर मांडायची, आणि तीही मालकाने स्वतःच्या हाताने, असा त्यांचा नियम होता. त्याला ते पंचनामा म्हणत. मी मांडत गेलो. वडिलांच्या काळची दहा-दहा किलोची दोन लोखंडी वजनं. तीन जॅक, त्यांतले दोन मोडके. गुळगुळीत टायरचं एक जादा चाक. भिजून दगड झालेली सिमेंटची अख्खी गोणी. मावशीच्या शिलाई मशीनचा बिडाचा पाया, जो मी चार वर्षांपूर्वी दुरुस्तीला म्हणून गाडीत टाकला होता आणि मावशीला "झालंच आहे" असं सांगत होतो.

मिस्त्री बाकावर बसून एकेका वस्तूकडे पेन्सिल दाखवत विचारायचे, "हे का आहे?"

"असू दे म्हटलं."

"आणि हे?"

"तेही असू दे म्हटलं."

"असू दे हा तुमचा पहिला चोर," ते म्हणाले. "पुढे लिहा." आणि खरोखर मला कागदावर लिहायला लावलं.

मग त्यांनी गाडी न्यूट्रलला टाकायला सांगितली आणि मला एकट्याला ढकलायला लावली. ती हलेना. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक कायम धरून बसला होता, म्हणजे मी कित्येक महिने एक पाय बांधून गाडी पळवत होतो. चारही टायरांत हवा कमी निघाली. इंजिनकडे जाणारा हवेचा रबरी पाइप चिरलेला होता आणि त्यावर मी स्वतः चिकटवलेली काळी टेप होती. शेवटी त्यांनी एअर फिल्टर काढून बाकाच्या पायावर आपटला आणि सगळं गॅरेज शिंकायला लागलं. आमची गाडी रोज मिरची कांडपाच्या आवारात इंजिन चालू ठेवून तासभर उभी असते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मिस्त्री डोळे पुसत म्हणाले, "बिचारी इतकी वर्षं ठसक्यातच चाललीय."

संध्याकाळी गाडी शहाडच्या पुलावर तिसऱ्या गिअरमध्ये चढली. मी खूश झालो, पण पूर्ण झालो नाही. परत येऊन मी विचारलं, "एवढंच?"

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्याचा अर्थ मला पुढे कळला. गाडी चढली तरी माणसाचं समाधान होत नाही, हे ते रोज बघत होते, आणि मीही त्याच रांगेतला निघालो होतो.

तिसऱ्या खेपेला मला न मागता डबी मिळाली. जेवणाच्या डब्याच्या एका खणाएवढी, रुपेरी रंगाची, चहूबाजूंनी डाख लावून बंद केलेली. ती डॅशबोर्डच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसवायची. तिच्यातून एक लाल आणि एक काळी तार निघून पायाखालच्या मॅटखाली शिरायची. डबीचे पैसे मिस्त्री घेत नसत. तिच्याबरोबर पथ्य मात्र द्यायचे, आणि ते तोंडपाठ म्हणून दाखवल्याशिवाय किल्ली परत करायचे नाहीत. दर सोमवारी टायरची हवा तपासायची. दर शनिवारी फिल्टर झटकायचा. सकाळी गाडी चालू केल्यावर मिनिटभर थांबायचं, लगेच पिळायची नाही. मागच्या हौद्यात त्यांनी आतून मारलेल्या लाल रेघेच्या वर माल भरायचा नाही. आणि गाडीला लिंबू-मिरची बांधायची नाही. यातलं एक जरी मोडलं तर डबी बसते, म्हणजे बंद पडते, आणि एकदा बसलेली डबी आठवडाभर गॅरेजात ठेवावी लागते.

मी शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाला बंद डबी दिली की त्याचं काय होतं, ते सांगायला नको. पंधरा दिवस धीर धरला आणि एका रविवारी दुपारी दुकानाच्या मागे बसून स्क्रू ड्रायव्हरने ती उघडली. आत नमद्याचा, म्हणजे जाड लोकरी कापडाचा, एक तुकडा होता, डबी वाजू नये म्हणून. बाकी काही नाही. दोन्ही तारा मॅटखाली बोटभर जाऊन संपत होत्या.

मी तडक मोहन्याला गेलो. रस्ताभर भांडणाची वाक्यं जुळवली होती. मिस्त्रींनी उघडी डबी बघितली, पेन्सिलीने कान खाजवला आणि आत हाक मारली, "कमल, चहा टाक. एक जण पास झाला."

"मिस्त्री, ही शुद्ध फसवणूक आहे."

"आहे ना," ते म्हणाले. "बसा."

मी बसलो नाही. म्हणालो, "तुम्ही बुद्धपौर्णिमेला वस्तीत अंधश्रद्धेवर व्याख्यान देता. लिंबू-मिरचीला हसता. आणि स्वतः काय करता?"

"साहेब, लिंबू कधी सोमवारी हवा भरायला सांगतं का? माझी डबी सांगते." मग जरा गंभीर होऊन म्हणाले, "सुरुवातीला मी सरळ सांगायचो. हवा भरा, फिल्टर झटका, माल कमी भरा. लोक मान डोलवायचे आणि दुसऱ्या गॅरेजात जाऊन पंप वाढवून यायचे. इंजिन फुटलं की पुन्हा माझ्याकडे. मग एकदा चिडून एकाला खोटी डबी दिली. त्याची गाडी आजही चालतेय. आता तुम्हीच सांगा, बोंब मारायची की चहा प्यायचा?"

कमलवहिनी चहा घेऊन आल्या. त्यांच्या बोटांना रुपेरी रंग लागलेला होता. "ह्यांच्या सगळ्या पॉवरी मीच रंगवते," त्या म्हणाल्या. "पहिल्या दोन पिवळ्या केलेल्या. पिवळ्याने गाडी ओढत नाही बोलले लोक." मी चहा प्यायलो, आणि त्या क्षणापासून कटात सामील झालो. एवढंच नव्हे, तर डबी पुन्हा डाख लावून घेतली आणि जागेवर बसवली. रिकामी आहे हे माहीत असूनही सोमवार चुकवताना मला तिची लाज वाटायची.

मिस्त्री सर्वांत जास्त खुलायचे ते कोणी पथ्य मोडून आला की. डोंबिवलीचा तुषार म्हात्रे जिमच्या सामानाची ने-आण करायचा. लोखंडी प्लेटी लाल रेघेच्या वर रचल्या आणि शहाडच्या पुलावर निम्म्यात अडकला. मिस्त्रींनी डबी काढली, कानाला लावली, डोळे मिटले. "बसली," ते म्हणाले. तुषार, ज्याचा दंड माझ्या मांडीएवढा आहे, तो रडकुंडीला आला. "मिस्त्री, आजच्या आज चालू करून द्या ना. कल भिवंडी का माल है."

"आठवडाभर झोपू दे तिला."

आठवड्याने तो परत आला तेव्हा म्हणत होता की डबी नसताना गाडी अगदीच मेली होती. मिस्त्रींनी त्याच्यासमोर टायर मोजले. डबी नाही तर पथ्य कशाला, म्हणून त्याने सोमवारी हवाच भरली नव्हती. डबी परत लावली, हवा भरली गेली, आणि तुषारची गाडी भुर्रकन निघाली. ती गेल्यावर मिस्त्री इतके हसले की त्यांना बाकाचा आधार घ्यावा लागला. मला ते फार आवडायचे. लोकांना मूर्ख बनवून शहाणं करणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

पण या सगळ्या खेळात एक माणूस असा होता की ज्याच्यापुढे मिस्त्री चाचपडायचे. कोपरच्या मंदाताई भोईर. त्यांची नर्सरी होती. नवऱ्याची पाठ कायमची गेल्यावर त्यांनी बांगड्या मोडून जुनी पिकअप घेतली, स्वतः चालवायला शिकल्या, आणि लाल माती, शेणखत, कुंड्या घेऊन ठाण्यातल्या उंच उंच सोसायट्यांत जाऊ लागल्या. पंचेचाळिशीच्या, नऊवारीतल्या, चपला काढून अनवाणी गाडी चालवणाऱ्या. त्यांचे दोन दीर घरात बसून रोज एकच पैज लावायचे, की बाईच्या हातात गाडी किती दिवस टिकते. गाडी बंद पडली की नर्सरीची जागा भाड्याने द्यायची, हे त्यांनी ठरवूनही ठेवलं होतं. मंदाताई हे हसत सांगायच्या, पण हसताना स्टिअरिंग घट्ट धरून ठेवायच्या.

पथ्य पाळावं तर मंदाताईंनीच. सोमवार कधी चुकला नाही. माती लाल रेघेच्या वर गेली तर फावड्याने खाली ओढायच्या. फिल्टर झटकताना मिस्त्रींनाच सांगायच्या, "जरा लांब व्हा, शर्टाला लागंल." त्यांची गाडी मिस्त्रींच्या सगळ्या गाड्यांत जुनी होती आणि सगळ्यांत चांगली ओढायची. त्याचं सगळं श्रेय त्या डबीला द्यायच्या. "माजा दीर बोलतो, तुजं काय हाय त्यात, ती पेटी गाडी चालवतेय. मी बोलते, चालवू दे. गाडी चढल्याशी मतलब."

एका दसऱ्याला त्या आल्या तेव्हा डबीला झेंडूची माळ होती आणि मधोमध हळदकुंकू. मिस्त्री वाकून बघायला गेले आणि तसेच वाकलेले राहिले. त्या गेल्यावर बाकावर माझ्याशेजारी येऊन बसले.

"साहेब, हे वाढतंय."

"सांगून टाका मग."

"आता कसं सांगू? तिने माळ घातलीय हो तिला." माझ्यासमोर पहिल्यांदाच त्यांचा आवाज उतरला होता. अंधश्रद्धेवर बोलणाऱ्या माणसाच्या हातून एक देव तयार झाला होता, तोही कमलवहिनींनी रंगवलेला. मला हसू आलं, आणि त्यांना आलं नाही म्हणून मी आवरतं घेतलं.

जुन्या गाडीचं दरवर्षी पासिंग करावं लागतं. मिस्त्री आपल्या गिऱ्हाइकांच्या गाड्या एकाच दिवशी रांगेने आरटीओच्या मैदानावर न्यायचे. पुढे ते कोणाच्या तरी गाडीत, मागे आमची वरात. आदल्या दिवशी सगळ्यांनी गॅरेजात यायचं आणि मिस्त्रींनी स्वतः डब्या काढून ठेवायच्या. "पासिंगला डबीला विश्रांती," ते सांगायचे. कारण उघड होतं. गाडीत परवानगीशिवाय काही बसवलेलं दिसलं तर पासिंग अडतं.

त्या वर्षी मे महिन्यात आम्ही पाच गाड्या घेऊन गेलो. मंदाताईंच्या गाडीची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि नर्सरीचा सगळा हंगाम पावसाच्या तोंडावर असतो. गाडी नापास झाली असती तर दिरांना पैज जिंकायला पावसाळासुद्धा लागला नसता. हे आम्हा सर्वांना माहीत होतं, म्हणून त्यांची गाडी आम्ही पुढे घातली.

तपासायला एक तरुण इन्स्पेक्टर मॅडम होत्या. दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक बघितला. सगळं ठीक. मग त्यांनी दार उघडून आत डोकं घातलं आणि विचारलं, "हे काय बसवलंय?"

मिस्त्रींचा चेहरा पांढरा पडला. आदल्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हाताने काढलेली डबी जागेवर होती. नंतर कळलं, मंदाताईंनी ती सकाळी गॅरेजच्या फळीवरून मागून नेली होती, कमलवहिनींना "मिस्त्रींनी सांगितलंय" असं खोटं सांगून. मैदानावर चढाचा एक तुकडा आहे असं कोणीतरी त्यांना म्हटलं होतं, आणि डबीशिवाय गाडी चढणार नाही याची त्यांना खात्री होती.

त्या गप्प बसल्या असत्या तरी भागलं असतं. पण त्या ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "पावरची पेटी हाय, मॅडम. मिस्त्रींनी लावलीय. तिच्याबिगर गाडी ओढत नाय."

"म्हणजे इंजिनमध्ये फेरफार केलाय." मॅडमनी पेन काढलं. "मग हे पासिंग होणार नाही. गाडी बाजूला घ्या. सविस्तर तपासणी होईल, वेळ लागेल."

"किती येल?"

"ते मी आत्ता सांगू शकत नाही."

मंदाताईंनी मिस्त्रींकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. तुषार होता, आणखी दोघे होते, सगळे डबीवाले. मिस्त्री कान खाजवत होते आणि कानावर पेन्सिल नव्हती. ती हातातून पडली होती. एक वाक्य बोललं तर मंदाताईंची गाडी सुटत होती आणि तेच वाक्य बोललं की इतक्या वर्षांची युक्ती चारचौघांत उघडी पडत होती. मी मनात म्हटलं, आता हा माणूस काहीतरी भन्नाट थाप मारणार.

"मॅडम, ती रिकामी आहे," मिस्त्री म्हणाले.

"काय रिकामी आहे?"

"डबी. तिच्यात काही नाही. तारा कुठेच जात नाहीत. मॅट उचलून बघा."

मॅडमनी मॅट उचलली. तारा बोटभर जाऊन संपल्या होत्या. मग त्यांनी डबी उघडायला सांगितली. मिस्त्रींनी पत्रा कापायची कात्री मागितली, डबी कापली, नमद्याचा तुकडा काढून बोनेटवर ठेवला. मंदाताईंनी सकाळीच लावलेलं हळदकुंकू त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडलं. त्यांनी ते झटकलं नाही.

"मग गाडी ओढते कशी?" मॅडमनी विचारलं.

"ह्या बाई दर सोमवारी हवा भरतात. शनिवारी फिल्टर झटकतात. लाल रेघेच्या वर मातीचा एक खडा जाऊ देत नाहीत. गाडी त्याने ओढते. डबी मी लोकांनी ऐकावं म्हणून लावतो. सगळ्यांनाच लावलीय." शेवटचं वाक्य ते आमच्याकडे वळून बोलले.

तुषारच्या तोंडून एक शिवी निघता निघता राहिली.  मॅडमनी कागदावर जे लिहिलं होतं ते खोडलं आणि म्हणाल्या, "गाडी पुढे घ्या." त्यांनी पुढच्या गाडीकडे जाताना रुमालाने तोंड झाकलं होतं आणि खांदे हलत होते.

मंदाताईंची गाडी पास झाली.  त्यांनी कापलेली डबी उचलून पिशवीत घातली आणि मिस्त्रींकडे न बघता निघून गेल्या.

नंतरचे दहा दिवस गॅरेज फार शांत होतं. तुषारने आपली डबी बाकावर आणून आपटली आणि दोन दिवसांनी हळूच येऊन परत नेली. म्हणाला, "रिकामी असू दे, पण सोमवार ध्यानात राहतो." एक जण कायमचा गेला. मिस्त्रींना त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. ते रस्त्याकडे बघत बसायचे. "मी फसवलं तिला," एवढंच म्हणायचे. मी म्हणायचो, तुम्ही तिची गाडी वाचवलीत. ते म्हणायचे, "आधी काय केलं ते बोला."

जूनच्या पहिल्या आठवड्यात मी फिल्टर दाखवायला गेलो होतो. त्यानंतर महिनाभरात मिस्त्री आणि कमलवहिनी मुलीकडे अमरावतीला गेले ते तिकडेच राहिले. त्यामुळे त्या दिवशी मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

मंदाताईंची पिकअप झाडाखाली येऊन उभी राहिली. हौद्यात लाल माती, बरोबर लाल रेघेपर्यंत. डॅशबोर्डखाली डबीच्या जागी स्क्रूची दोन भोकं होती. त्या खाली उतरल्या नाहीत. आतूनच म्हणाल्या, "मिस्त्री, बसा." मिस्त्री उठले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी बी या. साक्षीला." मी मध्ये बसलो, मिस्त्री खिडकीशी.

शहाडचा पूल आला. चढ सुरू झाला तेव्हा मंदाताईंनी गिअर बदलला आणि रस्त्यावरची नजर न काढता विचारलं, "मना का नाय सांगितलं?"

"कोणी ऐकत नाही, मंदाताई. साधं सांगितलेलं कोणी ऐकत नाही. म्हणून..."

"बाकीच्यांचं मना नाय म्हाईत," त्या म्हणाल्या. "मी ऐकलं असतं."

  मिस्त्रींनी मान खाली घातली. गाडी चढत होती, आवाज एकसारखा होता, मागे रिक्षांचा एकही हॉर्न नव्हता. चढाच्या मध्यावर, जिथे तुषार अडकला होता, तिथे मंदाताईंनी तिरक्या नजरेने मिस्त्रींच्या पायांकडे पाहिलं. मीही पाहिलं. मिस्त्रींनी उजवा पाय पुढे ताणून गाडीच्या पत्र्यावर जीव खाऊन दाबून धरला होता, जणू गाडी त्यांच्याच पायाने चढणार होती. घोट्याजवळची शीर तटतटली होती.

"मिस्त्री," मंदाताई म्हणाल्या, "पाय उचला. तिथं काय नाय."

मिस्त्रींनी खाली बघितलं. मग ओशाळून पाय उचलला, मांडीवर घेऊन बसले, आणि मंदाताईंनी गाडी पुलावर चढवली.